पत्रं, एकाकीपण आणि ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’



मागच्या वेळी आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका ज्येष्ठ श्रोत्यांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "सर, आयुष्यभर कांट शिकवलात आणि आता या वयात प्रेमपत्रं?" मी म्हटलं, या वयातच. कारण आज ज्या कादंबरीबद्दल बोलायचं आहे, तिच्या नायकाला त्याची प्रेयसी भेटते तेव्हा त्याने शहात्तरी ओलांडलेली आहे. म्हणजे वयाने तो माझ्याहून थोडा मोठाच.

कादंबरी आहे गॅब्रिएल गार्सिया मार्केझ यांची ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’. मूळ स्पॅनिश, १९८५ सालची. ईडिथ ग्रॉसमन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८८ मध्ये आला, आणि आपल्याकडे बहुतेकांनी तोच वाचला, मीसुद्धा. एकाकीपण हा मार्केझ यांचा जन्मभराचा विषय. १९६७ च्या त्यांच्या गाजलेल्या कादंबरीच्या नावातच तो शब्द आहे, आणि १९८२ मध्ये नोबेल घेताना त्यांनी जे भाषण केलं त्याचंही शीर्षक ‘लॅटिन अमेरिकेचं एकाकीपण’ असंच होतं. त्यानंतर तीन वर्षांनी ही कादंबरी आली. लोक हिला प्रेमकथा म्हणतात. चूक नाही ते, पण अपुरं आहे. माझ्या दृष्टीने ही पत्रांची कादंबरी आहे. माणूस पत्र लिहितो तेव्हा ते नक्की कुणाला लिहितो, हा प्रश्न ती शेवटपर्यंत सोडत नाही.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. कोलंबियातलं कॅरिबियन समुद्राकाठचं एक जुनं बंदर. शहराचं नाव लेखक देत नाही, पण कार्ताहेना डोळ्यांसमोर ठेवून ते रचलंय हे ओळखू येतं. फ्लोरेंतिनो आरिसा हा तारखात्यातला किडकिडीत, काळ्या कपड्यातला पोरगा. एक तार पोचवायला तो लोरेन्सो दासाच्या घरी जातो. तिथे त्याची मुलगी फर्मिना आपल्या आत्याला वाचायला शिकवत बसलेली असते. ती मान वर करून बघते. संपलं. मग दोन-अडीच वर्षं पत्रं. बापाला कळतं, तो मुलीला घेऊन लांबच्या प्रवासाला निघून जातो. ती परत येते, आणि बाजारात, गर्दीत, अचानक त्याला अगदी जवळून बघते. त्या एका क्षणात तिच्या लक्षात येतं की यात काही अर्थ नाही. ती त्याला नकार देते आणि पुढे डॉक्टर हुवेनाल उर्बिनोशी लग्न करते. फ्लोरेंतिनो थांबतो. ५१ वर्षं, ९ महिने आणि ४ दिवस. एक्क्याऐंशी वर्षांचे डॉक्टर आंब्याच्या झाडावर बसलेला पोपट पकडायला शिडीवर चढतात आणि पडून मरतात. त्याच रात्री फ्लोरेंतिनो विधवेपुढे जाऊन आपलं प्रेम पुन्हा सांगतो. ती त्याला हाकलून देते. पण पुढे पुन्हा पत्रं सुरू होतात, आणि शेवटी दोघं एका बोटीवर, नदीत.

प्रवास, तारा, विरोध करणारा बाप, हे सगळं मार्केझ यांनी घरातूनच घेतलेलं आहे. त्यांचे वडील गॅब्रिएल एलिहिओ तारमास्तर होते. आई लुईसा सांतियागा ही कर्नल निकोलास मार्केझ यांची मुलगी. कर्नलसाहेबांना हा जावई नको होता, म्हणून मुलीला प्रवासाला पाठवलं. तारमास्तराने काय करावं? वाटेवरच्या गावांतल्या तारमास्तरांची मदत घेतली. तिच्यापर्यंत निरोप जात राहिले. फरक एवढाच की खऱ्या आयुष्यात त्यांचं लग्न झालं. कादंबरीत मार्केझ यांनी ते मोडलं. का मोडलं, हे समजून घेण्यासाठी आपल्याला ती पत्रं नीट बघावी लागतील.

पहिलं पत्र. फ्लोरेंतिनो एक साधी चिठ्ठी लिहितो, पण द्यायचा धीर होत नाही. म्हणून तोवर आणखी लिहितो. रोज रात्री लिहितो. चिठ्ठीचा ग्रंथ होतो. त्यात काय असतं, तर पाठ केलेल्या कवितांतून आलेली स्तुती. त्याची आई शहाणी बाई आहे, ती त्याला सांगते की हे बाड देऊ नकोस, पोरगी घाबरेल. शेवटी छोटी चिठ्ठी दिली जाते. आणि देतानाच फर्मिनाच्या भरतकामावर झाडावरचा पक्षी शिटतो! उत्तराची वाट बघताना त्याला जुलाब होतात, हिरव्या उलट्या होतात. कॉलराच झाला असं आईला वाटतं. तपासलं तर कॉलरा नाही, प्रेम आहे.

हे विनोदी आहे, आणि मार्केझ ते विनोदी म्हणूनच लिहितात. पण इथे एक गोष्ट पेरलेली आहे. या सगळ्या काळात त्या मुलीबद्दल त्याला काय माहीत आहे? जवळजवळ काही नाही. तिचा आवाज त्याने धड ऐकलेला नाही. तो लिहितोय ती फर्मिना त्याने पुस्तकांतून तयार केलेली आहे.

आता तिची पत्रं. लेखक फार सुरेख निरीक्षण नोंदवतो. तो प्रत्येक ओळीत स्वतःला जाळून घेत असतो, आणि ती लिहिते ते जहाजाच्या रोजनिशीसारखं. आज हे झालं, काल ते झालं. ती निखारा विझू देत नाही, पण हातही भाजून घेत नाही. लग्नाची मागणी घातल्यावर ती काय अट घालते ठाऊक आहे? मला वांगं खायला लावणार नसशील तर लग्न करते! आपल्याकडे भरल्या वांग्यावर जीव टाकणाऱ्या मंडळींना हे आवडणार नाही. (हशा) पण गंमत बघा. पुढे डॉक्टरांच्या घरात, एका मेजवानीत ती एक पदार्थ आवडीने खाते, पुन्हा मागून घेते, आणि नंतर कळतं की ते वांग्याचं होतं. मग त्या घरात वांगं सुरू होतं ते कायमचं. फ्लोरेंतिनोने मात्र तिची ती अट उराशी धरून ठेवली असणार. पत्रातली व्यक्ती बदलत नाही. आणि डॉक्टरांच्या घरातली फर्मिना वांगं खाऊ लागली होती.

प्लेटोच्या ‘फेड्रस’ या संवादात सॉक्रेटिसची लिखाणाबद्दल एक तक्रार आहे. तो म्हणतो, लिहिलेला शब्द चित्रासारखा असतो. जिवंत वाटतो, पण प्रश्न विचारा, गप्प. पुन्हा विचारा, तेच उत्तर. आणि तो कुणाच्याही हातात पडतो, त्याला आपला माणूस कोणता ते कळत नाही. मी वर्षानुवर्षं हा उतारा शिकवला, आणि दरवर्षी एखादा हुशार विद्यार्थी विचारायचा, "सर, पण पत्राचं काय? पत्राला तर आपला माणूस माहीत असतो. वर नाव असतं." मी तेव्हा म्हणायचो, बरोबर आहे, पत्र हा अपवाद. आता तसं म्हणायला मी कचरतो.

कारण थोडं खाजगी आहे, पण सांगतो. माझी पत्नी गेली त्याला चार वर्षं होतील. गेल्या दिवाळीच्या आधी ट्रंक आवरताना आमची लग्नाआधीची पत्रं सापडली, निळ्या अंतर्देशीयांचा गठ्ठा. मी पुण्यात प्रबंध लिहीत होतो, ती तिच्या गावी शाळेत शिकवत होती. माझी पत्रं मला चार ओळींच्या पुढे वाचवेनात. एका पत्रात तर मी तिला स्पिनोझा समजावून सांगितलाय, जागा संपली म्हणून समासात उभ्या ओळी लिहून. तिचं उत्तर काय? विहिरीचा रहाट मोडला. पाचवीतल्या तीन मुलांना गोवर आलाय. इन्स्पेक्शनला साहेब येणार म्हणून भिंती सारवल्या. तुमचा खोकला कसा आहे? बस. त्या वेळी मी खट्टू झालो होतो, स्पिनोझाबद्दल चकार शब्द नाही म्हणून. परवा वाचलं तेव्हा दिसलं की तिच्या पत्रात ती आहे, आणि खोकल्यापुरता का होईना, मी आहे. माझ्या पत्रात ती कुठेच नाही. वरचं नाव बदलून ते कुणालाही चाललं असतं.

म्हणजे बघा, सॉक्रेटिसची तक्रार पत्रालाही लागू होऊ शकते. वर नाव असूनही.

आपल्या मराठी घरांत तर गोष्ट आणखी वेगळी होती. मुंबईचा चाकरमानी कोकणात घरी पत्र लिहायचा ते ‘तीर्थरूप’ वडिलांच्या नावे, शिरसाष्टांग नमस्कार घालून. वाचून दाखवायचा पोस्टमन नाहीतर शाळामास्तर, ओटीवर, सगळ्यांदेखत. बायकोच्या वाट्याला शेवटची अर्धी ओळ यायची, तीही मुलांच्या नावाआडून. मुंबईला जी.पी.ओ.च्या समोर पैसे घेऊन पत्रं लिहून देणारे लेखनिक बसायचे, लिहिता न येणारे त्यांच्याकडे जायचे. आपल्या मनातलं दुसऱ्याच्या अक्षरात जायचं. तेव्हा आता मी जो प्रसंग सांगणार आहे, तो आपल्याला अगदी परका वाटू नये.

फ्लोरेंतिनो तरुणपणी काकांच्या बोट कंपनीत नोकरीला लागतो. पण त्याला साधं व्यापारी पत्र लिहिता येत नाही. मालाच्या पावतीतसुद्धा प्रेमाचा सूर लागतो. ते साठलेलं बाहेर काढायला म्हणून तो संध्याकाळी लेखनिकांच्या कमानीत जाऊन बसतो आणि लिहिता न येणाऱ्यांना प्रेमपत्रं लिहून देतो, फुकट. एके दिवशी एक मुलगी येते. तिला एक पत्र आलेलं आहे, त्याला उत्तर हवंय. तो ते पत्र हातात घेतो आणि ओळखतो. आदल्या दिवशी एका तरुणासाठी त्यानेच लिहिलेलं. तो तिच्या वतीने उत्तर लिहितो. मग तरुण येतो, मग ती. महिनाभर तो स्वतःशीच पत्रव्यवहार करत राहतो.

मार्केझ यांनी या प्रसंगाला फार पानं दिलेली नाहीत, पण माझ्या मते कादंबरीचा गाभा इथे आहे. एकाकी माणसाच्या पत्रव्यवहाराचं याहून नेमकं चित्र मला माहीत नाही. दोन्ही बाजूंनी तोच, मागणारा तोच आणि होकार देणाराही तोच.

आणि त्या जोडप्याचं काय होतं? लग्न होतं. मूल होतं. गप्पांच्या ओघात त्यांना कळतं की दोघांचीही पत्रं एकाच माणसाने लिहिली होती. आपण फसवलो गेलो असं त्यांना वाटत नाही. दोघं पहिल्यांदाच मिळून त्या कमानीत येतात आणि फ्लोरेंतिनोला बाळाचा धर्मपिता व्हायला सांगतात. किती निरोगी माणसं आहेत बघा! त्यांच्यासाठी पत्र हा पूल होता, पलीकडे गेल्यावर त्याचं काम संपलं. फ्लोरेंतिनो मात्र पुलावरच घर बांधून राहतो.

इथे एक भेद करायला हवा. आपल्याकडे एकांत आणि एकाकीपण असे दोन शब्द आहेत, आणि आपण ते सैलपणे वापरतो. एकांतात माणूस स्वतःच्या सोबत असतो. हॅना आरेंट यांनी यावर लिहिलंय की विचार करणारा माणूस एकटा असला तरी दोघं असतो, स्वतःशी बोलत असतो. एकाकी माणसाला ही सोबतही उरत नाही. फ्लोरेंतिनोकडे बाहेरून बघाल तर तो एकटा वाटणारच नाही. ५० वर्षांत त्याने वहीत नोंदवलेले दीर्घ संबंध ६२२ आहेत! पंचवीस-एक वह्या भरल्यात. पण त्याला एकांत म्हणून नाहीच. क्षणभर गप्प बसला की आत ती मूर्ती उभी राहते. त्या ६२२ जणींपैकी बहुतेकींना तो त्या मूर्तीच्या सावलीतच भेटला.

आता उत्तरार्ध. फर्मिना ७२ वर्षांची विधवा. त्याच्या त्या रात्रीच्या आगाऊपणाने संतापून ती त्याला शिव्याशाप देणारं पत्र लिहिते. त्याला वाटतं, चला, दार तरी उघडलं! तो उत्तर लिहितो, पण या वेळी टाइपरायटरवर. म्हाताऱ्या बोटांनी, नव्याने शिकून. ओळखीचं अक्षर नको, जुनी आठवण नको, सुगंध नको. भूतकाळाचा उल्लेखच नाही. लिहितो कशावर, तर जगण्यावर, स्त्री-पुरुषांच्या नात्यावर, म्हातारपणावर. पत्रांना क्रमांक घालतो, आधीच्या भागाचा सारांश देतो, मासिकातल्या क्रमशः कादंबरीसारखा. ती उत्तर देत नाही, पण परतही पाठवत नाही. हळूहळू ती पत्रं तिला लागतात. नवऱ्याच्या मृत्यूनंतर जे घर तिच्या अंगावर येत होतं, त्यात पुन्हा राहायला ती शिकते.

ज्या पत्रांत प्रेमाचा शब्द नव्हता ती पोचली, आणि ज्यांत दुसरं काही नव्हतं त्यांनी सगळं नासवलं. हे मला या कादंबरीतलं सगळ्यात खरं वाटतं. तरुणपणी तो मागत होता. आता तो काहीतरी देत होता, निदान तिच्या उपयोगाचं.

एका अभ्यासवर्गात मी हे मांडलं तेव्हा एका मुलीने हात वर केला. "सर, पण हाही डावच होता ना? तिला जिंकायची नवी युक्ती?" बरोबर आहे तिचं. लेखक लपवत नाही, फ्लोरेंतिनो ती पत्रं पद्धतशीर योजून लिहितो. मी तिला एवढंच म्हटलं की विधवा होणं म्हणजे काय, रिकामी दुपार म्हणजे काय, याचा विचार युक्ती म्हणूनही रोज करत बसलात तर तो विचार तुम्हाला थोडा बदलतोच. आणि मार्केझ त्याला साधू करत नाहीत. पहिल्यांदा तिच्या घरी भेटायला जातो तेव्हा पोटात असा गोळा उठतो की गृहस्थ पळ काढतात! पत्रातला तत्त्वज्ञ आणि खुर्चीत घामाघूम झालेला म्हातारा, दोन्ही तिच्यासमोर येतात. या वेळी ती दोघांनाही घरात घेते. तरुणपणी बाजारात ते तिला जमलं नव्हतं.

फर्मिनाच्या मुलीला हे थेर वाटतात. या वयात प्रेम म्हणजे किळसवाणा प्रकार, असं ती बोलते. फर्मिना तिला घराबाहेर काढते. आमच्या वयाच्या मंडळींना हा प्रसंग फार आवडतो, मलाही आवडतो. पण त्या आनंदात आपण एक गोष्ट नजरेआड करतो. मीही पहिल्या वाचनात केली होती.

अमेरिका विकुन्या. चौदा वर्षांची, लांबच्या नात्यातली मुलगी. शाळेसाठी आईबापांनी या सत्तरीतल्या गृहस्थाच्या स्वाधीन केलेली. हा तिचा पालक, आणि हाच तिला आपल्या बिछान्यात ओढतो. याला आजच्या भाषेत सरळ अत्याचार म्हणायचं, दुसरा शब्द नाही. फर्मिना विधवा झाल्यावर तो तिला एका झटक्यात बाजूला सारतो.  एकदा चुकून उघड्या राहिलेल्या कपाटात तिला त्या टंकलिखित पत्रांच्या प्रती आणि फर्मिनाची पत्रं सापडतात. ती वाचते. ज्या शब्दांनी एका म्हाताऱ्या बाईला जगायला बळ दिलं, तेच शब्द. सॉक्रेटिस म्हणाला होता, लिहिलेला शब्द कुणाच्याही हातात पडतो.

फ्लोरेंतिनो आणि फर्मिना बोटीवर असताना वाटेतल्या बंदरात तार येते. अमेरिका विकुन्या मेली. परीक्षेत नापास झाल्यावर शाळेच्या दवाखान्यातून चोरलेलं अफूचं औषध पिऊन. तपशील हवेत म्हणून फ्लोरेंतिनो तारघरात जातो आणि यंत्रावर स्वतः बसतो. तारमास्तराची नोकरी सुटल्यानंतर, इतक्या वर्षांत, पहिल्यांदाच. ज्या बोटांनी फर्मिनाच्या प्रवासभर तिला निरोप पाठवले, ती बोटं आता हे विचारताहेत. त्याला कळतं की तिने मागे चिठ्ठी ठेवलेली नाही. कुणाला दोष देता येईल असं काहीही लिहिलेलं नाही.

आता कादंबरीचं पहिलं प्रकरण आठवा. तिथेही आत्महत्या आहे. जेरेमिया द सेंट-अमूर, डॉक्टर उर्बिनोंचा बुद्धिबळातला दोस्त, म्हातारं व्हायचं नाही म्हणून साठीला आयुष्य संपवतो, आणि डॉक्टरांसाठी मागे ठेवतो ११ कागदांचं पत्र, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. डॉक्टर ते वाचतात, हादरतात, त्या पत्राच्या मागे शहरभर फिरतात. एका प्रौढ पुरुषाच्या मरणाला इतके कागद. आणि शेवटाकडे त्या पोरीच्या मरणाला एक ओळ नाही. पत्रांनी खच्चून भरलेल्या या पुस्तकात तिने लिहिलेला एक शब्द आपल्याला वाचायला मिळत नाही. मार्केझ यांनी हे न कळता केलं असेल, असं मला वाटत नाही.

अनेक समीक्षकांनी मार्केझ यांना यावर दोष दिलाय की लेखक नायकाला फार स्वस्तात सोडतो. मला तो आरोप पुरता खोडता येत नाही. फ्लोरेंतिनो ती आठवण मनातून पुसून टाकायचं ठरवतो, कारण तिच्यासह त्याला जगता येणार नाही. पुढे कधीमधी जुन्या व्रणासारखी ती ठणकेल, एवढंच लेखक सांगतो. मग बोटीवर कॉलऱ्याचा पिवळा झेंडा चढतो, बंदरं बंद होतात, दोघं म्हातारे नदीत वर-खाली फिरत राहतात, आणि वाचक डोळे पुसतो. मीही पुसले होते. नंतर पुस्तक मिटलं तेव्हा लक्षात आलं की ६२२ नोंदी ठेवणारा, प्रत्येक पत्राची प्रत जपणारा, आयुष्यभर दुसऱ्यांची उत्तरं लिहून देणारा हा माणूस तारघरातून उठला आणि त्या विषयावर त्याने कागदाला हात लावला नाही.

वेळ झालीये. प्रश्न असतील तर घेऊ. मागे बसलेल्यांनी जरा मोठ्याने विचारा, डावा कान कमी ऐकतो.